दीड किलोमीटर

बुद्धपौर्णिमा जवळ आली की माझ्या इनबॉक्समध्ये ठरलेले मेसेज यायला लागतात. "मचाणावर बसायचंय, कुणाशी ओळख आहे का?" "मुलाला जंगलात व्हॉलंटियर म्हणून पाठवायचंय, सर्टिफिकेट मिळतं का?" या वर्षी आतापर्यंत अकरा जणांनी विचारलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण ओळख काढण्याआधी वाचा.

आधी मचाणाबद्दल.

पूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर खरोखरच प्राणीगणना व्हायची. हिशेब साधा होता. ऐन उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, चोवीस तासांत जनावर एकदा तरी पाण्यावर येतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसतं. पण एकच चितळ संध्याकाळी या पाणवठ्यावर आणि पहाटे पुढच्या पाणवठ्यावर जाऊ शकतं, त्याच्यावर कुणी शिक्का मारलेला नसतो. त्यामुळे आज त्या आकड्यांना शास्त्रीय गणना कुणी म्हणत नाही. वनविभागही आता 'निसर्गानुभव' म्हणतो. नाव बरोबर आहे. तो अनुभवच आहे, आणि फार सुंदर आहे. जरूर घ्या. रीतसर नोंदणी करा, शुल्क भरा, रात्रभर गप्प बसा. फक्त सकाळी खाली उतरून 'आम्ही वाघ मोजले' असं लिहू नका.

आता खऱ्या मोजणीबद्दल. मी ती एकदा केली आहे. म्हणजे केली असं मला चार वर्षं वाटत होतं.

२०१८ची अखिल भारतीय व्याघ्रगणना. ही दर चार वर्षांनी होते. आधी आपल्याकडे वाघाचा पंजा काचेवर आखून, प्लास्टरचा साचा काढून वाघ मोजायचे. राजस्थानात सरिस्काला २००४-०५ मध्ये वाघच उरले नसल्याचं उघडकीला आलं, तोवर कागदावर तिथे वाघ होते. त्यानंतर ती पद्धत मागे पडली आणि २००६च्या गणनेपासून नवी पद्धत आली. कॅमेरा ट्रॅप लावायचे, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायचा. पण कॅमेरे सगळ्या जंगलात लावता येत नाहीत. म्हणून त्याआधी माणसांनी पायी फिरून वाघ-बिबट्याच्या खुणा शोधायच्या. प्रत्येक बीटमध्ये तीन दिवस, रोज पाच किलोमीटर, एकूण पंधरा. पायाचा ठसा, विष्ठा, जमिनीवरचे आणि झाडावरचे ओरखडे, सगळ्याची नोंद. मग त्याच बीटमध्ये ठरलेल्या सरळ रेषेवर चालून चितळ, सांबर, रोही, गवे मोजायचे. वाटेत माणसांचा आणि गुरांचा वावर किती, तेही लिहायचं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा. नाशिकला बँकेत नोकरी, हातात नवीन दुर्बीण, डोक्यात सगळी पुस्तकं. अर्ज केला, निवड झाली. विदर्भातलं एक अभयारण्य मिळालं. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

संरक्षण कुटीवर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. दोन खोल्या, एक सौर दिवा, बाहेर हातपंप. तिथे दोघं होते. वनरक्षक मॅडम मराठवाड्यातल्या, सव्वीस-सत्तावीसच्या, पहिलंच पोस्टिंग. आणि एक रोजंदारीवरचे वनमजूर, पन्नाशीचे, जंगलाच्या कडेच्याच गावातले. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मीही म्हणू लागलो. रात्री भात, लाखोळीचं वरण आणि वांग्याची भाजी झाली. मॅडमनी फॉर्म समजावून सांगितला. झोपताना म्हणाल्या, "सर, उद्या चालताना मी पुढं, तुम्ही मधी, काकाजी मागं. काही झालं तरी मधीच."

पहिल्या दिवशी फुफाट्यात ठसा दिसला. मीच आधी पाहिला. बसलो, स्केल लावली, फोटो काढले. म्हटलं, "वाघीण. नराचा पंजा चौकोनी असतो, हा लांबट आहे." काकाजी मागून वाकून बघत होते. म्हणाले, "हा बिबट आहे जी. मोठा आहे, पण बिबटच." मी पुस्तकातली दोन वाक्यं ऐकवली. ते काही बोलले नाहीत. शंभर पावलांवर मातीच्या ओल्या पट्ट्यात त्यांनी काठी टेकवली. तिथे खरी वाघीण गेली होती. दोन्ही ठसे पाहिल्यावर कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. मी मघाची नोंद खोडली.

पण मी खूश होतो. ताजा पंजा, पहाटेचा! काकाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमाले खुशी होऊन रायली, मले भेव वाटून रायलं." तेव्हा मी हसलो होतो.

तीन दिवसांत फॉर्मवर जेवढ्या खुणा लिहिल्या, त्यातल्या बहुतेक त्या माणसाने दाखवल्या. पायात प्लॅस्टिकच्या चपला. चालताना त्यांची नजर सतत कुठे असते ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते वाघ शोधतच नव्हते. ते तार शोधत होते. सांबराच्या वाटेवर, बरोब्बर मानेच्या उंचीवर, मोटारसायकलच्या क्लच वायरचा फासा लावलेला होता. मी त्याच्या शेजारून गेलो होतो, दिसला नव्हता. त्यांनी तो सोडवला, गुंडाळला आणि मॅडमकडे दिला. पुढे एका पाणवठ्यावर ते काठाकाठाने पूर्ण फेरी मारून आले. काय बघता विचारलं तर म्हणाले, मेलेला बेडूक दिसतो का ते बघतो. पाण्यात कुणी युरिया नाहीतर कीटकनाशक टाकलं असेल तर आधी बारीक जीव मरतात. बेडूक जिवंत, तर पाणी चांगलं. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साडेतीन किलोमीटर झाले होते. वानर खेकसलं. मग चितळ. मॅडमनी हात वर केला. रस्ता जिथे डावीकडे वळतो तिथे, दीडशे-दोनशे मीटरवर, वाघीण बसली होती. रस्त्याच्या मधोमध, पुढचे पाय पसरून, आमच्याकडे तोंड करून.

आम्ही थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ती उठेना. मॅडमच्या हातात काठी, काकाजींच्या हातात काठी, माझ्या हातात कॅमेरा. मी दबक्या आवाजात म्हटलं, "थोडं पुढे जाऊन बघू? किंवा बाजूने झाडीतून वळसा घालून पुढे निघू. दीडच किलोमीटर राहिलंय." हे मी म्हटलं. मला फोटो हवा होता आणि पाच किलोमीटर पूर्ण हवे होते.

मॅडम गप्प. त्यांची अडचण मला नंतर समजली. फॉर्म अपुरा राहिला तर वर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं. पहिलंच पोस्टिंग, त्यात बाई, 'घाबरली' म्हणायला लोक टपलेलेच. त्यांनी मागे वळून काकाजींकडे पाहिलं. काकाजी म्हणाले, "वापस चला जी." एवढंच. आवाज न चढवता. आणि वळायच्या आधी त्यांनी मला हाताने आपल्या मागे घेतलं. वाघिणीकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत, आम्ही वळणाआड गेलो. तेवढा वेळ तिच्या आणि माझ्यामध्ये तो प्लॅस्टिकच्या चपलांमधला माणूस होता.

माझी रजा संपली होती. त्याच दुपारी मी निघालो. पुढे प्रमाणपत्र आलं, छान जाड कागदावर. 'तीन दिवस, १५ किलोमीटर यशस्वीरीत्या पूर्ण.' मी चाललो होतो साडेतेरा. मॅडमना फोन केला तेव्हा कळलं की दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आणि काकाजी पुन्हा गेले. राहिलेल्या दीडसाठी पूर्ण पाच पुन्हा चालले आणि फॉर्म भरून दिला. म्हणजे माझ्या भिंतीवर फ्रेममध्ये जे लावलंय, त्यातले दीड किलोमीटर माझे नाहीत. आणि ज्यांचे आहेत त्यांच्यापैकी एकाचं नाव कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही.

आता ज्यासाठी अभयारण्याचं नाव लिहिलं नाही, ते सांगतो.

दुसऱ्या रात्री काकाजींनी त्यांचा साधा फोन माझ्यापुढे धरला होता. "बँकेत आहा न तुमी? पैसे आले का पाहून द्या." मी मेसेज पाहिले. रिचार्जचे, लॉटरीचे, सगळे होते. मजुरीचा नव्हता. किती महिने झाले विचारलं, तर तीन. मॅडम म्हणाल्या, निधी आला नाही, त्या दर आठवड्याला विचारतात. मी अगदी आवेशात म्हटलं, "काकाजी, मी वर बोलतो. लिहितो मी यावर."

लिहिलं मी. वाघिणीच्या पंजावर लिहिलं. फोटोसकट. नऊशेच्या वर लाइक आले, दोनशे शेअर. मजुरीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पोस्ट लांबत होती, मूड जात होता, म्हणून मी ती काढून टाकली. हे इथे लिहिताना लाज वाटतेय, पण हे वगळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

२९ जुलै २०१९ला, जागतिक व्याघ्रदिनी, निकाल जाहीर झाला. देशात २९६७ वाघ. महाराष्ट्रात ३१२, आधीच्या खेपेला १९० होते. टीव्हीवर बातम्या, व्हॉट्सअॅपवर अभिनंदन. कॅमेऱ्यांच्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. त्या अहवालात एक आकडा आहे, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पायी चालून झालेलं अंतर ५ लाख २२ हजार ९९६ किलोमीटर. पृथ्वीला तेरा फेऱ्या. जीप नाही, जिप्सी नाही, पायी. त्यात माझे साडेतेरा. उरलेले कुणाचे? थोडे माझ्यासारख्या हौशांचे, थोडे संशोधकांचे. बाकी वनरक्षक आणि त्यांच्या मागून चालणारे काकाजी.

आणि मग २० नोव्हेंबर २०२१.

पुढच्या गणनेचं काम सुरू झालं होतं. ताडोबात कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन वनमजुरांसोबत खुणांच्या सर्वेक्षणाला सकाळी पायी निघाल्या होत्या. चार किलोमीटरच्या आसपास चालून झाल्यावर पुढे सुमारे दोनशे मीटरवर रस्त्यात वाघीण बसलेली दिसली. ते थांबले. अर्धा तास वाट पाहिली. ती हलेना, तेव्हा झाडीतून वळसा घालून जायचा प्रयत्न केला. वाघिणीने मागून हल्ला केला. स्वाती ढुमणे गेल्या.

मी बातमी बँकेत, काउंटरमागे वाचली. 'महिला वनरक्षक' एवढंच आधी दिसलं आणि हात गार पडले. मग कोलारा वाचलं, वय वाचलं, आपल्या मॅडम नाहीत हे कळलं आणि श्वास सुटला. सुटलेल्या त्या श्वासाची नंतर फार दिवस लाज वाटली.

तेच अंतर. तोच अर्धा तास. तोच वळसा, जो मी सुचवला होता.

कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तिथे काय ठरलं, कसं ठरलं, हे तिथे असलेल्या माणसांनाच माहीत. वाघिणीलाही दोष नाही, ती तिच्या घरात होती. ताडोबात त्यानंतर पायी सर्वेक्षण थांबवण्यात आलं. मला फक्त माझं कळतं. मी त्या सकाळी पाहुणा होतो, मला नोकरी सांभाळायची नव्हती, मला कुणी जाब विचारणार नव्हतं, आणि तरीही पुढे जाण्याचा आग्रह माझा होता. ज्याच्या हातात महिन्याची मजुरीही वेळेवर पडत नव्हती, त्याने मला मागे आणलं.

त्या संध्याकाळी फोन लावला. मॅडमची बदली झाली होती. काकाजींचा फोन त्यांच्या मुलाने उचलला. म्हणाला, "बाबा कॅम्पवर आहेत, तिथं रेंज नाही." मजुरीचं विचारलं. तो हसला. "येते जी. पाच-सहा महिन्यांची एकदम येते. तवरीक दुकानदाराकडं उधारी."

मग मी जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. संबंधित कचेरीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अनुदान प्राप्त होताच देयके अदा करण्यात येतील. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. रोजंदारी मजुरांच्या हजेरीच्या तारखा आणि देयकांच्या तारखा, दोन्ही मागितल्या. माहिती अर्धवट आली, अपील केलं. या सगळ्यात काकाजींचं नाव कुठे येऊ दिलं नाही, कारण त्यांची रोजी अजून त्याच कचेरीतून निघते. तुम्हीही कमेंटमध्ये जागा ओळखायचा खेळ करू नका, ही विनंती. अपिलानंतर थोडा फरक पडला. आता दोन-अडीच महिन्यांनी येते म्हणतात. याला विजय म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

२०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. त्या खेपेला देशभर पायी चाललेलं अंतर ६ लाख ४१ हजार ४४९ किलोमीटर. वाघ वाढले, चालणंही वाढलं. या आकड्यांचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. २००६ मध्ये आपल्या राज्यात १०३ वाघ होते. सोळा वर्षांत चौपट हे जगात फार कमी ठिकाणी घडलंय. पण वाघ आकाशातून पडले नाहीत. कुणीतरी रोज क्लच वायर सोडवली, बेडूक जिवंत आहे का पाहिलं, फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जाळरेषा राखली, वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन धावला. आपण वाघिणीला नाव देतो, तिच्या बछड्यांची नावं पाठ असतात. कॅम्पवरच्या माणसाचं नाव विचारत नाही.

तर, व्हॉलंटियर व्हायचंय त्यांच्यासाठी.

जरूर व्हा. जंगलाला माणसं लागतात. पण आपण मदत करायला चाललोय हा समज घरी ठेवून जा. पहिल्या खेपेला आपण ओझंच असतो. आपलं पाणी, आपली सुरक्षितता, आपली हौस, सगळं कुणीतरी वाहत असतं. हे कळलं की मग थोडी मदत होते.

सोबतचा माणूस 'वापस' म्हणाला की वापस. फॉर्म अपुरा राहू द्या.

आणि परत येताना तीन गोष्टी विचारून या. तुमच्यासोबत चाललेल्या मजुराला शेवटची मजुरी कधी मिळाली? त्याचा विमा आहे का? त्याच्या पायात बूट कुणी दिले? उत्तरं मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आमदाराला पत्र फुकट जातं. सफारीच्या तिकिटावर आपण भांडतो, परमिट मिळालं नाही म्हणून मंत्रालयापर्यंत ओळख लावतो. त्यातली एखादी ओळख यासाठी वापरा. मला 'ओळख आहे का' विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

गेल्या हिवाळ्यात काकाजींना भेटून आलो. आता त्यांच्याने फार चालवत नाही, पण कॅम्प सोडलेला नाही. मी बूट नेले होते, आठ नंबर. त्यांनी घालून पाहिले, दोन फेऱ्या मारल्या, काढले आणि खोक्यात नीट ठेवले. म्हणाले, "पोराले होतील. तो लागला न आता कामावर."

पोरगाही रोजंदारीवरच आहे.

प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. काढलं नाही. फक्त '१५'च्या खाली पेनाने बारीक अक्षरात लिहिलंय, 'पैकी दीड काकाजी आणि मॅडम'. घरी येणारा विचारतो, हे काय? मग मी ही सगळी गोष्ट सांगतो. आज तुम्हाला सांगितली.